बाळाच्या पाठीवरची खळी

मैत्रिणींनो, गालावरच्या खळीचं कौतुक सगळ्यांनाच असतं. पण तशीच एखादी खळी न्हाऊ घालताना बाळाच्या कमरेखाली दिसली, की घरात कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतं देवाची खूण आहे, कुणी म्हणतं ग्रहण बाधलं, आणि बाळंतीण बिचारी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत बसते.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आंबागड म्हणून गाव आहे. गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या काळातला डोंगरी किल्ला तिथे आहे. त्या गावच्या एका आजीबाईंचं पत्र आलं आहे. नाव देत नाही, पण मजकूर सांगते, कारण तो पुष्कळ घरांच्या उपयोगाचा आहे.

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, वजन चांगलं, दूधही छान ओढते. पण न्हाऊ घालताना आजीला दिसलं, की शीच्या जागेपासून चांगली तीन बोटं वर, कण्याच्या रेषेत, एक खळगा आहे आणि त्याच्या काठाला काळ्या केसांचा झुपका. दवाखान्यात दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, नागपूरला जाऊन पाठीची सोनोग्राफी करून घ्या, उशीर करू नका. इकडे विहीणबाईंचं म्हणणं असं, की ‘एवढ्याशा जिवाला मशीनखाली कशाला घालता? सव्वा महिना होऊ द्या, रोवणी आटपू द्या, मग बघू.’ जावई मधल्या मध्ये गप्प. आजीबाई विचारतात, ‘थांबलं तर चालेल का हो? आणि सोनोग्राफी तर पोटुशी बाईची करतात ना?’

आजीबाई, तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण उत्तर देण्याआधी बाकीच्या मैत्रिणींना थोडा धीर देते. नाही तर हे वाचून ज्या त्या घरी बाळाला पालथं घालून भिंगानं बघायला सुरुवात व्हायची!

कोणत्या खळीची काळजी नको

शंभर बाळांमागे दोन-चार बाळांना माकडहाडाजवळ लहानशी खळी असतेच. ती दोन्ही कुल्ल्यांच्या मधल्या घडीत, बरोबर मधोमध असते. शीच्या जागेपासून एका इंचाच्या आत असते. मसुरीच्या दाण्यापेक्षा मोठी नसते, घडी अलगद फाकवली की तिचा तळ दिसतो आणि तळाला साधी कातडी असते. बाळ पाय झाडतंय, लघवीची धार नीट आहे आणि आजूबाजूला दुसरं काही नाही, तर अशा खळीला तपासणी लागत नाही. डॉक्टरांना एकदा दाखवायचं आणि विसरून जायचं.

तसंच ते निळसर-करडं लासं. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर असे सपाट डाग असतात. कुणाला मार लागल्यासारखे वाटतात. ते निरुपद्रवी असतात आणि बहुतेकांचे काही वर्षांत फिके होतात. त्यांच्यासाठीही सोनोग्राफी नको.

कोणती खूण दाखवायलाच हवी

आता लक्ष देऊन वाचा. खळी घडीच्या वर, शीच्या जागेपासून इंचभरापेक्षा लांब असेल. मसुरीच्या दाण्यापेक्षा मोठी किंवा इतकी खोल असेल की तळच दिसत नाही. एकाऐवजी दोन-तीन खळ्या असतील. कण्याच्या रेषेवर केसांचा झुपका, मऊ गाठ, लाल रंगाचा उठावदार डाग किंवा शेपटीसारखं कातड्याचं टोक असेल. कुल्ल्यांमधली घडी सरळ न जाता एका बाजूला वाकलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि पाठीच्या सोनोग्राफीबद्दल विचारा. पाय ढिले वाटत असतील, पाऊल जन्मतः वाकडं असेल, लघवी सारखी थेंबथेंब गळत असेल, किंवा शीची जागाच नीट तयार झालेली नसेल, तरी आतला कणा बघावा लागतो.

यातली खूण असली म्हणजे आत दोष आहेच असं नाही. पण आत बघून घ्यायला हवं, एवढं नक्की. आजीबाई, तुमच्या नातीची खळी वर आहे आणि जोडीला केस आहेत, म्हणजे दोन खुणा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते योग्यच सांगितलं.

खळीतून पाणी किंवा पू येत असेल किंवा बाळाला ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी निघायचं. काही खळ्यांच्या तळाशी बारीक नळीसारखी वाट असते, ती थेट आत मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. त्या वाटेनं जंतू आत शिरले तर मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा धोका असतो.

आणि पाठीवर कातडीच नाही, उघडी जखम किंवा पाण्याच्या फुग्यासारखी पातळ पिशवी आहे, असं बाळ जन्मलं तर सोनोग्राफीच्या रांगेत बसायचं नाही. बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवायचं, दवाखान्यातून त्या जागेवर निर्जंतुक सलाइननं ओली केलेली पट्टी ठेवून घ्यायची आणि लगेच मुलांच्या सर्जनकडे न्यायचं.

आत असतं तरी काय?

मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून एक दोर खाली येतो, तो मज्जारज्जू. पायांची ताकद, लघवी-शीचा ताबा, सगळं त्याच्या टोकाशी असलेल्या नसांवर अवलंबून. बाळ पोटात अगदी लहान असताना हा दोर कण्याच्या तळापर्यंत असतो. मग कणा भराभर वाढतो, दोर तितका वाढत नाही, म्हणून त्याचं टोक वर वर सरकतं. जन्माच्या वेळी ते साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी असतं. गाजराच्या टोकासारखं निमुळतं, आणि त्याच्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा मोकळा झुपका.

काही बाळांत हे टोक खालीच कुठेतरी चिकटून राहतं. कुठे चरबीच्या गाठीला, कुठे जाड झालेल्या धाग्याला. बाळ लहान असताना काहीच कळत नाही. पण मूल उंच होऊ लागतं, कणा वाढतो आणि खाली अडकलेला दोर ताणला जातो. मग चार-पाच वर्षांचं मूल एक पाय ओढत चालतं, पाऊल वाकतं, पाठ दुखते, शाळेत चड्डी ओली होते. आणि आपण काय म्हणतो? ‘आळशी आहे, मुद्दाम करतं.’ बोलणी खाणाऱ्या प्रत्येक मुलाचं कारण हेच असतं असं मुळीच नाही. अंथरूण ओलं करणं पुष्कळ मुलांत आपोआप थांबतं. पण पाठीवर खूण असलेल्या मुलाच्या बाबतीत ही शंका मनात असायला हवी. नसा जितक्या जास्त ताणल्या जातात तितकं नुकसान पक्कं होत जातं. ऑपरेशननं दोर मोकळा करता येतो, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून वेळेवर कळण्याला एवढं महत्त्व.

सोनोग्राफी आणि कोवळी हाडं

आता विहीणबाईंच्या ‘मग बघू’बद्दल. सोनोग्राफी म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी. त्या अंगात सोडायच्या आणि आतून परत येणाऱ्या पडसादावरून चित्र काढायचं. मुळात कारखान्यातल्या लोखंडात आत कुठे भेग आहे का ते शोधायला असं यंत्र वापरत. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी ते माणसाच्या पोटासाठी वापरून पाहिलं आणि १९५८ साली त्यावरचा लेख छापला. तेव्हापासून हे तंत्र दवाखान्यात आलं. यात क्ष-किरण नसतात.

पण या लहरींना घट्ट हाडातून पलीकडे जाता येत नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू म्हणूनच सोनोग्राफीत असा दिसत नाही. नव्या बाळाच्या मण्यांची मागची बाजू मात्र अजून पुरती हाड झालेली नसते. बरीचशी कूर्चा असते, आपल्या कानाच्या पाळीच्या वर लागते ना, तशी लवचीक. त्या कोवळ्या फटींतून लहरी आत जातात आणि दोर लख्ख दिसतो. तो कुठे संपतो, खालच्या नसा बाळाच्या श्वासाबरोबर, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलताहेत की एका जागी बांधल्यासारख्या आहेत, हे डॉक्टर त्या पडद्यावर समोर बघतात.

ही खिडकी काही कायम उघडी राहत नाही. पहिले तीन-चार महिने चित्र सगळ्यांत चांगलं दिसतं. सहा महिन्यांच्या आसपास बहुतेक बाळांत हाडं इतकी घट्ट होतात, की सोनोग्राफीचा फारसा उपयोग उरत नाही. त्यानंतर एमआरआय करावा लागतो. तोही चांगला, पण त्या बोगद्यात मुलानं बराच वेळ निश्चल राहावं लागतं, आणि हातपाय हलवणाऱ्या वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला त्यासाठी बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं. खर्च आणि धावपळ वेगळीच.

आता हिशेब करा. ज्येष्ठात जन्मलेलं बाळ. रोवणी आटपायला श्रावण उजाडतो. मग निंदण, मग सण, मग धानाची कापणी, मळणी. हात मोकळे होईपर्यंत दिवाळी मागे पडते आणि बाळ सहा महिन्यांचं होतं. धान वर्षावर्षाला येतं हो, पण ही कोवळी हाडं त्या मुलाला पुन्हा मिळत नाहीत. विहीणबाईंना एवढं एकच समजावून सांगा. शेतावरच्या बाईला ओल असतानाच रोवायचं असतं हे काय शिकवायला हवं?

सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, या रीतीमागे बाळ-बाळंतिणीला थंडीवाऱ्यापासून, गर्दीपासून जपण्याचा हेतू आहे. तो चांगलाच आहे. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीला तो आड येऊ नये. बाळाला नीट गुंडाळून न्यायचं आणि काम आटोपून घरी यायचं.

‘सोनोग्राफी’ या शब्दाची भीती

दुसरा प्रश्न आजीबाईंनी विचारला तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की दारावरची ती पाटी आठवते, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. ती पाटी असायलाच हवी. पोटातली मुलगी ओळखून पाडण्याच्या पापाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो आपल्या महाराष्ट्रानं, १९८८ साली. मग १९९४ साली केंद्राचा कायदा आला, १९९६ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. म्हणून प्रत्येक यंत्राची सरकारदरबारी नोंद लागते आणि ते उचलून गावोगाव फिरवता येत नाही. तुम्हाला केंद्रावर जावं लागतं त्याचं एक कारण हेही आहे.

पण जन्मलेल्या बाळाच्या पाठीची, डोक्याची किंवा पोटाची सोनोग्राफी करण्यात बेकायदा काही नाही. त्यात लपवण्यासारखंही काही नाही. उलट माझं तर म्हणणं, ज्या यंत्राचं नाव मुलींच्या बाबतीत एवढं बदनाम झालं, त्याच यंत्रानं एका मुलीचे पाय सांभाळले जात असतील, तर तिला पहिल्या गाडीनं घेऊन जा.

तपासणी होते कशी

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी पाटावर पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर पालथं घालून पाठ चोळते. सोनोग्राफीच्या टेबलावरही बाळ जवळजवळ तसंच पालथं असतं. पोटाखाली छोटी उशी, पाय किंचित दुमडलेले, म्हणजे पाठ गोल होते आणि मण्यांमधल्या फटी उघडतात. पाठीवर चिकट मलम लावून डॉक्टर हातातलं यंत्र हळूच फिरवतात. सुई नाही, भूल नाही, उपाशी ठेवणं नाही. उलट बाळाला आधी पोटभर पाजा, ते झोपलं तर उत्तमच. सगळं मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम.

जाताना दोन दुपटी, टोपडं, चार-पाच लंगोट आणि दवाखान्याचं जन्माचं कार्ड बरोबर ठेवा. मलम गार लागतं, थोडं कोमट करून लावायची विनंती करा. खोलीतला पंखा बंद करायला सांगा. आईनं बाळाच्या डोक्याशी उभं राहावं, तिचा आवाज आणि वास असला की बाळ शांत राहतं.

आणि एक लक्षात ठेवा. अहवाल चांगला आला तरी तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कपाटात ठेवू नका. खूण फारच संशयाची असेल तर ते पुढे एमआरआयही सांगतील. दोष दिसला, तरी ऑपरेशन लागेल का आणि कधी, हे मुलांचे सर्जन किंवा मेंदू-मज्जारज्जूचे सर्जन ठरवतील.

जायचं कुठे?

आंबागडहून आधी तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि तिथून चिठ्ठी घ्या. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं ‘मेडिकल’, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘मेयो’, आणि आता एम्स अशी तीन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. तुमसर रोड स्थानकावरून नागपूरची गाडी मिळते. जाण्याआधी फोन करून विचारा, की लहान बाळाच्या पाठीची सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते, म्हणजे खेप वाया जायची नाही. जे पोटाची सोनोग्राफी रोज करतात त्या सगळ्यांनाच नव्या बाळाच्या कण्याचा सराव असतो असं नाही, म्हणून हे विचारणं बरं.

पैशाचं म्हणाल तर, २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाची तपासणी, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय सरकारी दवाखान्यात मोफत आहे. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला. त्यात मुलांमधले जे तीस आजार-दोष शोधायचे ठरले, त्यांत कण्याचा जन्मजात दोषही आहे. तुमच्या आशाताईंना किंवा सिस्टरना या दोन्ही योजनांबद्दल विचारा.

आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. ही घरी जाऊन बाळ सांभाळण्याची पद्धत आपल्या विदर्भातच घडली. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून ती उभी केली आणि पुढे देशानं उचलली. ती आली की चहा द्याच, पण दुपटं सोडून बाळाची पाठही दाखवा. कित्येकदा थंडीच्या भीतीनं बाळ गुंडाळलेलंच राहतं आणि पाठ बघायची राहून जाते.

हे मात्र करू नका

खळीत काडी, पिन घालून खोली बघू नका. तेल, हळद, राख, पावडर भरू नका. आंघोळीनंतर मऊ फडक्यानं टिपून कोरडी ठेवली की झालं. गाठ असेल तर ती चोळून ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका, तिच्या आत नसा असू शकतात. बिब्बा नको, डाग नको, शेगडीचा शेकही त्या जागेवर नको. केसांचा झुपका कापून टाकला म्हणजे खूण गेली असं समजू नका; डॉक्टरांना तो जसाच्या तसा दिसू द्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाळंतिणीला बोल लावू नका. ग्रहणात तिनं विळी धरली म्हणून, की तिन्हीसांजेला ती बाहेर पडली म्हणून हे होत नाही. बाळाच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचंही बाईला जेमतेम कळलेलं असतं. मग तिचा काय दोष?

हां, पुढच्या खेपेसाठी एक गोष्ट हातात आहे, ती म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की ज्या आयांना आधी असं उघड्या कण्याचं मूल झालं होतं, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी घेतली तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ पाऊणपट कमी झालं. कातडीखाली झाकलेले सगळेच दोष यानं टळतात असं नाही, पण उघडे दोष पुष्कळ टळतात. विदर्भात सिकलसेलच्या रुग्णांना देतात ते हेच औषध, म्हणजे ते काही परकं नाही. मूल हवं असं ठरलं की एखादा महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं. आधीच्या बाळाला दोष असेल तर मात्रा मोठी लागते, ती डॉक्टरच ठरवतील. मेथी, पालक, मूग, हरभरा ताटात हवेतच, पण त्यांच्यावर विसंबून गोळी सोडू नका.

मैत्रिणींनो, घरात नवं बाळ आलं की नाक कुणासारखं, रंग कुणाचा, याची चर्चा पाचवीपासून बारशापर्यंत चालते. त्यातच एका सकाळी, न्हाऊ घालून झाल्यावर, चांगल्या उजेडात त्याला मांडीवर पालथं घ्या. मानेपासून खालच्या घडीपर्यंत कण्याच्या रेषेवरून बोट फिरवा. घडी सरळ आहे ना, कातडी सलग आहे ना, पाय दोन्ही सारखे झाडतंय ना, एवढं बघा. बहुतेक घरी सगळं ठीकच असेल. नसेल, तर पंचांग काढायचं नाही आणि पिकाकडेही बघायचं नाही. दुपटं गुंडाळायचं आणि निघायचं.